समुद्राजवळच्या जुन्या घरात मुक्काम : बुकिंगआधी काय विचारावं, राहताना काय पाळावं

सागरवाट (धागाकर्ता)

शंभर-दीडशे वर्षं जुनं घर दुरुस्त करून मालक त्यातच राहतात, तीन-चार खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळची न्याहारी घालतात, अशा ठिकाणांबद्दल हा धागा आहे. घर गावाबाहेर, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. हॉटेलांबद्दल हवी तेवढी माहिती मिळते, पण जुन्या घराचे प्रश्न वेगळे असतात आणि ते बुकिंगच्या पानावर दिसत नाहीत.

आम्ही तिघं आहोत, त्यातल्या एकांना गुडघ्याचा त्रास आहे. चार रात्री, हवा थंड आणि ओली. जिना, ओल, गरम पाणी, भरती-ओहोटी, न्याहारी यांबद्दल जाणकारांनी लिहावं. "छान अनुभव येतो" यापेक्षा आकडे आणि कारणं मिळाली तर जास्त उपयोग होईल.

चुनेगच्ची

जिन्यापासून सुरुवात करतो, कारण तो बदलता येत नाही. जुन्या घराला वारसा म्हणून संरक्षण असेल तर लिफ्ट बसवणं किंवा जिना पाडून रुंद करणं मालकाच्या हातात नसतं. तेव्हा "सोय का नाही?" असं न विचारता "आहे ते नेमकं कसं आहे?" असं विचारावं.

आजच्या घरात पायरीची उंची साधारण १५ ते १८ सेंमी आणि पाऊल ठेवायची जागा २५ ते ३० सेंमी असते. जुन्या जिन्यात उंची २० ते २२ आणि जागा जेमतेम २० सेंमी असणं अगदी नेहमीचं. वळणावरच्या पायऱ्या तर आतल्या बाजूला निमुळत्या होत जातात. गुडघेदुखीला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, म्हणून कठडा उतरताना कोणत्या हाताला येतो ते विचारा. कठडा एकाच बाजूला असेल आणि दुखरा गुडघाही त्याच बाजूचा असेल तर फार आधार मिळत नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे लक्षात ठेवायचं. जिन्याचा वरून आणि खालून असे दोन फोटो मागवा, मालक आनंदाने पाठवतात.

तळमजल्यावरची खोली मिळत असेल तरी दोन गोष्टी तपासा: उंबऱ्यांची उंची, आणि खोलीतून न्याहारीच्या जागेपर्यंत मध्ये किती पायऱ्या आहेत. जुनी घरं टप्प्याटप्प्याने वाढवलेली असतात, त्यामुळे एकाच मजल्यावर दोन-तीन पातळ्या असतात. मध्येच येणारी एकच पायरी सर्वांत धोक्याची, कारण अंधारात ती दिसत नाही. रात्री पॅसेजमध्ये दिवा चालू राहतो का, हेही विचारून ठेवा.

उंच माणसांसाठी: दाराची चौकट १७० ते १७५ सेंमीवर असू शकते, आणि माळ्यावरच्या खोलीत उतरतं छप्पर पलंगाच्या उशाशीच येतं. सगळ्यात बुटकं दार किती उंचीचं आहे, असा थेट प्रश्न विचारावा.

माजघर

जिन्याबद्दल +१. बाथरूमबद्दल लिहिते, कारण तिथे शब्दांमुळे हमखास गोंधळ होतो.

खोलीला लागून, खोलीतूनच दार असलेलं बाथरूम हा एक प्रकार. "खासगी बाथरूम" म्हणजे ते फक्त तुमच्यासाठी, पण पॅसेज ओलांडून जावं लागेल. आणि सामायिक म्हणजे दोन-तीन खोल्यांना मिळून एक. रात्री उठावं लागणाऱ्या माणसाला पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि यादीत दोन्हींपुढे बरोबरची खूण असते. बाथटबच्या आत उभं राहून शॉवर घ्यायचा आहे की जमिनीलगत शॉवर आहे, तेही विचारा. टबाची कड ५०-५५ सेंमी असते आणि त्रासाचा गुडघा तिथेच अडतो.

गरम पाण्याचा हिशेब सोपा आहे. समजा १२० लिटरची टाकी ६० अंशांवर आहे आणि थंड पाणी १५ अंशांचं आहे. मिसळून ४० अंशांचं पाणी कागदावर सुमारे २१५ लिटर मिळतं. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर जातात, म्हणजे एकूण २४ मिनिटं. आठ मिनिटांच्या तीन अंघोळी, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण शेवटी शेवटी टाकीतलं पाणी कोमट होत जातं. पुन्हा तेवढं पाणी तापवायला ३ किलोवॅटच्या हीटरला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. घरात चार खोल्या आणि टाकी एक असेल तर न्याहारीआधीच्या तासाभरात सगळ्यांनी अंघोळ उरकायची म्हटलं तर शेवटच्याला गार पाणी मिळणारच. तिघांपैकी एकाने संध्याकाळी अंघोळ केली की प्रश्न सुटतो.

वरच्या मजल्यावर शॉवरची धार बारीक असण्याचं कारण बहुतेक वेळा टाकीच्या उंचीत असतं. पंप नसेल तर दाब फक्त उंचीतून येतो, एक मीटरला ०.१ बार. माळ्यावरची टाकी शॉवरच्या दीड मीटर वर असेल तर ०.१५ बारवर जोरदार धार कशी येणार? त्यासाठी मालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही, खालच्या मजल्यावरची खोली मागावी.

अजून एक. हंगाम नसताना खोली बरेच दिवस बंद राहिली असेल तर पहिल्या दिवशी शॉवरचं डोकं खाली बादलीत किंवा मोरीजवळ धरून गरम आणि थंड दोन्ही पाणी दोन-तीन मिनिटं सोडून द्यावं आणि त्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि तुषारांमधून श्वासात जातात. चांगले मालक खोली देण्याआधी हे स्वतःच करतात, विचारायला संकोच नको.

वायरमन_दादा

वायफाय: दगडी भिंत ५०-६० सेंमी जाड असते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा एका भिंतीतच बराच गळतो, २.४ चा त्यातल्या त्यात बरा पोचतो. "वायफाय आहे" हे उत्तर पुरेसं नाही. राउटर कोणत्या खोलीत आहे आणि आपल्या खोलीशी त्याची किती भिंतींची आड आहे, ते विचारा. मोबाइलची रेंजही आत मिळेलच असं नाही. घराकडे येण्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि शेवटच्या वळणाची खूण मालकाकडून लिहून घ्या.

वीज: २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरच्या सर्किटवर एकूण ३.६ किलोवॅटच्या आसपास भार चालतो, आणि जुन्या घरात दोन खोल्या एकाच सर्किटवर असू शकतात. पाण्याची किटली २ ते ३ किलोवॅट, केस वाळवायचं यंत्र दीड ते दोन. दोन्ही एकदम लावू नका. ११०-१२० व्होल्टच्या देशांत १५ अँपिअरवर जेमतेम १.८ किलोवॅट मिळतात, तिथे तर एका वेळी एकच. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर खारट दमट हवेत बाहेरच्या दिव्यांमुळे किंवा सॉकेटमुळे पडतो. एकदा वर करून पुन्हा पडला तर हात लावू नका, मालकाला हाक मारा.

सागरवाट

फार नेमकी माहिती, आभार. ओलीबद्दल कुणी सांगेल का? अशा बऱ्याच ठिकाणांच्या अभिप्रायांमध्ये "खोलीला कुबट वास" असं लिहिलेलं दिसतं. ते घर टाळायचंच का?

चुनेगच्ची

लगेच टाळू नका. ओल कुठून येते ते कळलं तर कोणतं घर नीट राखलेलं आहे आणि कोणतं नुसतं रंगवलेलं आहे, हे ओळखता येतं.

जुन्या भिंती चुन्याच्या. दगड किंवा वीट, मधल्या सांध्यांत चुना, वर चुन्याचा गिलावा. अशी भिंत पावसात थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देते. तिचं सगळं आरोग्य या देवघेवीवर चालतं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. पुढे ते सगळीकडे पोचलं आणि जुन्या भिंतींवरही लोकांनी मजबुतीसाठी सिमेंटचा गिलावा चढवला, वरून प्लॅस्टिकसारखा ऑइलपेंट मारला. पाणी भेगांमधून आत जातंच, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. मग रंगाला फुगे येतात, गिलावा पोकळ वाजतो आणि आतला दगड भुसभुशीत होतो. ज्या घराची चुन्याची भिंत जिवंत ठेवली आहे तिथे रंग थोडा ढगाळ, एकसारखा नसलेला दिसतो. ती चांगली खूण आहे. अशा भिंतीवर हात फिरवला की तळव्याला किंचित पांढरी भुकटी लागते, म्हणून गडद कपडे घालून टेकू नये एवढंच.

समुद्राजवळ यात मीठ मिसळतं. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ भिंतीत मुरतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. प्रत्येक फेऱ्यात ते स्फटिक गिलाव्याचे पोपडे उडवतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. त्यामुळे पाऊस नसतानाही दमट दिवशी भिंतीवर ओले डाग उमटतात, आणि त्याचा अर्थ छप्पर गळतंय असा नसतो. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत दिसते. डाग छताजवळ असेल तर मात्र कौल, पन्हळ किंवा धुराड्याची कड बिघडलेली आहे, आणि तो दुर्लक्षाचा पुरावा आहे.

आता पाहुण्याच्या हातात काय? दोन माणसं रात्रभराच्या श्वासातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १२ अंश येतो, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा जो कोपरा १२ अंशांपेक्षा गार असेल तिथे पाणी सुटणार. असा कोपरा कपाटामागे आणि पलंगाच्या उशामागे असतो, कारण तिथे हवा फिरत नाही. म्हणून पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटलेला असेल तर मालकाला विचारून एक वीत पुढे ओढा, बॅग भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि सकाळी उठल्यावर समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा. दिवसभर खिडकी बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत.

कुबट वास दार उघडल्यावर आला आणि खिडक्या उघडल्यावर अर्ध्या तासात गेला, तर खोली फक्त बंद होती. गादीला आणि उशीला वास असेल तर खोली बदलून मागा.

उधाण

@चुनेगच्ची, सुंदर प्रतिसाद. त्यात एक भर: समुद्रात भिजलेले कपडे नुसते वाळत घालू नका. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, त्यामुळे ते दोन दिवसांनीही चिकट लागतात. आधी गोड्या पाण्यात नीट खळबळून घ्या. आणि हीटरवर पसरू नका. पिळलेल्या कपड्यांच्या एका ढिगात दोनेक लिटर पाणी असतं, ते सगळं चुनेगच्चींच्या त्या गार कोपऱ्यात जाऊन बसतं. बाथरूममध्ये दांडीवर घालून पंखा चालू, आतलं दार बंद. मालकाकडे ओल शोषणारं यंत्र असतं, मागितलं तर देतात.

निखारा

चूल किंवा लाकडाचा स्टोव्ह खोलीत असेल तर हे वाचाच.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत आहे का, ते पाहा. धुराचा अलार्म वेगळा, तो या वायूसाठी चालत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदम तसंच वाटणं ही लक्षणं. लगेच सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत जायचं, मग मदत बोलवायची.

असं होतं कसं? रात्री ऊब टिकावी म्हणून लोक निखारे असतानाच धुराड्याची झडप पूर्ण बंद करतात. ज्वाळा दिसत नाही, पण निखारे हाच वायू सोडत असतात आणि त्याला वर जायला वाट नसते. झडप निखारे पूर्ण विझेपर्यंत उघडीच.

लाकूड मालकाने दिलेलंच वापरा. २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेलं सरपण एकमेकांवर आपटलं की खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड गोळा करून जाळू नका. त्यात मुरलेल्या मिठातलं क्लोरिन स्टोव्हचं लोखंड खातं आणि धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. गवताने शाकारलेलं छप्पर असेल तर मेणबत्ती, उदबत्ती काहीच नको.

आणि झोपण्याआधी एकदा बाहेर पडायची वाट चालून पाहा. जुन्या दारांना आतूनही किल्ली लागते. ती किल्ली कुलपात किंवा दाराशेजारच्या खुंटीवरच हवी, पर्समध्ये नव्हे.

ओसरी

न्याहारी मालकांच्या बाजूने बघा. स्वयंपाकघरात एक-दोन माणसं असतात आणि सामान खोल्या मोजून आणलेलं असतं. म्हणून बहुतेक ठिकाणी वेळ दीड-दोन तासांचीच असते आणि काय हवं ते आदल्या संध्याकाळी सांगायचं असतं. पथ्य बुकिंगच्या वेळीच कळवा, पोचल्यावर नको. "शाकाहारी" एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो. अंडं चालतं का, मासे चालतात का, एकाच तव्यावर भाजलेलं चालेल का, असं तीन ओळींत स्पष्ट लिहा. ॲलर्जी असेल तर ती आवडीनिवडीपासून वेगळी, पहिल्या ओळीत.

पोचायची वेळ दिली असेल तर ती पाळा. स्वागतकक्षात चोवीस तास बसणारा माणूस इथे नसतो. उशीर होणार असेल तर फोन करा. वरच्या मजल्यावरच्या लाकडी तक्तपोशीवर पावलाचा आवाज खालच्या खोलीत जसाच्या तसा ऐकू येतो, तेव्हा बूट दारातच.

गावाबाहेरच्या घराला सहसा सेप्टिक टाकी असते. शौचालयात टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकू नका. ओले टिश्यू (वेट वाइप्स) पाण्यात विरघळत नाहीत, "फ्लश करता येतात" असं लिहिलं असलं तरीही. ब्लीच भरपूर ओतलं तर टाकीतले जिवाणू मरतात आणि मग मैला कुजत नाही. पाणी विहिरीचं असेल तर पिण्याचं वेगळं आहे का ते विचारा. घर फार जुनं असेल तर आतले नळ शिशाचे असण्याची शक्यता असते. सकाळचं पहिलं पाणी मिनिट-दोन मिनिटं सोडून मग पिण्यासाठी भरावं. लहान मुलं असतील तर पोपडे सुटलेल्या खिडकीच्या कडेपासून लांब ठेवा, जुन्या रंगातही शिसं असतं.

उधाण

भरती-ओहोटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं, जवळपास दोन घटका, उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवस मागाहून, उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार सर्वांत कमी. बाकी सगळं जागेवर अवलंबून आहे: कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात फरक १६ मीटरपर्यंत जातो, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो जाणवतही नाही.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे लोक विसरतात. सहा तासांतल्या एकूण चढाचे बारा भाग धरा: पहिल्या तासात १, मग २, ३, ३, २, १. फरक ६ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त अर्धा मीटर चढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात दीड-दीड मीटर. किनाऱ्याचा उतार शंभरास एक असेल तर त्या एका तासात पाण्याची कड दीडशे मीटर आत येते. पहिल्या तासातला संथपणा पाहून कड्याखालून पुढे चालत गेलेले लोक तिसऱ्या तासात अडकतात. म्हणून कड्याच्या पायथ्याने फिरायचं तर ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघा आणि ओहोटीच्या वेळी परत फिरा.

तक्ता वाचताना दोन चुका होतात. काही तक्ते प्रमाण वेळेत छापलेले असतात, जिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे तो तास स्वतः मिळवावा लागतो. आणि तक्त्यातली उंची नेहमीच्या हवेच्या दाबाची असते. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे १ सेंमी वर येतं. वादळात १०१३ वरून ९८३ वर आला तर ३० सेंमी, वर वाऱ्याने लोटलेलं पाणी वेगळं.

घराकडे जाणारा रस्ताच भरतीत बुडत असेल तर हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या. इंग्लंडमधल्या लिंडिस्फार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, पार करायच्या सुरक्षित वेळा जाहीर होतात, आणि अडकलेल्यांसाठी वाटेत खांबांवर आसऱ्याची खोपी आहे. रस्ता दाखवणाऱ्या ॲपला पाणी कळेलच असं नाही. मालकाने दिलेली वेळच खरी धरा.

माजघर

@सागरवाट, समुद्राकडच्या खोलीचा आग्रह धरू नका. थंड हवेत तोच वारा रात्रभर खिडक्यांच्या फटींतून येतो. मागची, आतल्या अंगणाकडची खोली उबदार असते, आणि समुद्र तर चालत अंतरावर आहेच.

चुनेगच्ची

@माजघर, थंडीसाठी बरोबर. उन्हाळ्यात मात्र उलट, तेव्हा समुद्राकडचीच घ्यावी. दगडी भिंत तापायला आणि निवायला वेळ घेते, म्हणून थंडीत जाणार असाल तर मालकांना आदल्या दिवसापासून मंद आचेवर हीटर लावायला सांगा. पोचल्यावर एकदम मोठा करून हवा तापते, भिंत गारच राहते आणि अंगात थंडी भरते.

खिडक्यांकडेही नजर टाका. काचेतून पाहताना बाहेरचं झाड किंचित लहरत असेल तर काच जुनी आहे. सपाट फ्लोट काच १९५९ मध्ये जाहीर झाली, तशा काचेत ती लहर नसते. काच शतकांमध्ये खाली ओघळते ही समजूत चुकीची आहे, जाडीतला फरक बनवतानाचाच असतो. तुळईवर करवतीच्या कमानदार खुणा दिसल्या तर ती यंत्राच्या गोल करवतीने चिरलेली, सरळ आणि वेड्यावाकड्या अंतराच्या असतील तर बहुधा हाताने. आणि एखाद्या तुळईला नवं लाकूड उघड दिसेल असं जोडलेलं असेल तर ते काम समजून केलेलं आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हेच सांगितलं: नवा भाग जुन्याशी जुळावा, पण जुना म्हणून खपू नये.

सागरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. तळमजल्याची मागची खोली मागतो आहे, जिन्याचे आणि बाथरूमचे फोटोही. एक शेवटचं: तिसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी ७:४० ला आहे आणि न्याहारी ८ ते ९:३०. कड्याखालची वाट चालायची तर काय करावं?

उधाण

५:४० ला निघा, ७:४० ला जिथे असाल तिथून मागे फिरा. उजाडलेलं नसेल तर उजाडल्यावर निघा, पण फिरायची वेळ तीच ठेवा. जाताना दोन तास लागले तर येताना तेवढेच, म्हणजे ९:४०, आणि तोवर भरतीचा तिसरा तास सुरू होतो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसोबत एवढा वेळ काठावर धरू नका, तासाभरातच मागे वळा.

ओसरी

आणि आदल्या संध्याकाळी सहाच्या आत मालकांना सांगा. न्याहारी बांधून देतील किंवा ९:१५ ला ताट मांडतील. दाराची किल्ली घेऊन जा, निघताना बाहेरचं दार हलकेच ओढा, आणि कोणत्या दिशेला जाताय व कधी परतणार ते कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवा.